कोणाचा बातमीदार?

शब्दांचे अर्थ काळानुसार पालटतात, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकास नवी नाही. 'महाराज' हा शब्द स्वयंपाक्यास लागू होतो आणि 'शहाणा' हा शब्द कित्येकदा शिवीसारखा वापरला जातो, हे आपण रोज पाहतो. परंतु काही थोडे शब्द असे असतात की, त्यांचा अर्थ जागच्या जागी राहतो आणि केवळ त्यांचे तोंड दुसऱ्या दिशेस फिरते. 'बातमीदार' हा अशा शब्दांपैकी एक आहे. बातमी मिळविणारा आणि ती पोचविणारा, एवढाच त्याचा अर्थ तीनशे वर्षांपूर्वी होता व आजही तोच आहे. मात्र बातमी कोणाची मिळवावयाची आणि ती कोणाच्या कानी घालावयाची, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे मधल्या काळात बरोबर उलट झाली. ह्या उलथापालथीची खबर आपल्या शहरांना लागली. आपल्या खेड्यांना ती अजून पुरतेपणी लागलेली नाही, असे मला वाटू लागले आहे. का वाटू लागले, ते सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम शब्दाच्या घडणीकडे पाहू. फारसीतून आलेला 'दार' हा प्रत्यय आपल्या भाषेत इतका मुरला आहे की, तो परका आहे हे सांगूनही पटत नाही. 'दार' म्हणजे धारण करणारा, बाळगणारा. परंतु बाळगण्याचे दोन प्रकार आहेत. दुकानदार दुकान बाळगतो तेव्हा ते दुकान त्याचे असते. किल्लेदार किल्ला बाळगतो, खजिनदार खजिना बाळगतो, ठाणेदार ठाणे बाळगतो. परंतु किल्ला, खजिना आणि ठाणे हे कोणा दुसऱ्याचे असतात, आणि त्या दुसऱ्याच्या नावानेच त्यांना ते राखावे लागते. बातमीदार हा ह्या दुसऱ्या पंक्तीतला. जुन्या कागदपत्रांत 'बातमी राखणे' असा प्रयोग येतो, तोही हेच सुचवितो. शत्रूच्या हालचालींची बातमी राखावयाची ती धन्यासाठी. म्हणून 'बातमीदार' हा शब्द उच्चारला की, 'कोणाचा?' हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ यावयाचाच. दुकानदारास 'तू कोणाचा?' असे कोणी विचारीत नाही. बातमीदारास विचारल्यावाचून राहवत नाही.

शिवकालात ह्या प्रश्नाचे उत्तर सरळ होते. 1664 साली सुरतेवर स्वारी झाली, तिच्यापूर्वी बहिरजी नाईकांनी त्या शहराची बित्तंबातमी आणली, असे सांगतात. त्यांची बातमी एका मनुष्यासाठी होती, आणि ती दुसऱ्या कोणास कळली असती तर तिची सारी किंमत गेली असती. मोगलांच्या राज्यात तर प्रत्येक सुभ्यात वाकेनवीस नेमलेला असे. 'वाकिया' म्हणजे घडलेली गोष्ट. ती लिहून बादशहाकडे पाठविणारा तो वाकेनवीस. त्याच्यावर नजर ठेवण्यास आणखी गुप्त लेखकही असत. आपल्याकडे त्या शब्दाचे 'वाकनीस' झाले, अष्टप्रधानांतील मंत्र्याकडे ते काम आले, आणि आज ते एका आडनावाच्या रूपाने कोकणपट्टीत सुखाने नांदत आहे. आपल्या आडनावात एक जुना वृत्तलेखक लपला आहे, ह्याची जाणीव ते नाव लावणाऱ्यांपैकी किती जणांस असेल, कोण जाणे!

ह्या सर्व व्यवस्थेचे एक लक्षण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बातमी खालून वर जात असे. रयतेची बातमी पाटलाकडे, पाटलाची सुभेदाराकडे, सुभेदाराची धन्याकडे. वरून खाली येत असे तो हुकूम. दरबारात काय शिजते आहे, खजिन्यात किती शिल्लक आहे, स्वारीत किती माणसे पडली, हे रयतेने जाणण्याचे कारण नव्हते. पानिपतच्या संहाराची वार्ता 1761 च्या जानेवारीत प्रत्यक्ष पेशव्यांना कळली तीदेखील एका सावकारी पत्रावरून, आणि त्या पत्रातही हानीचे आकडे मोत्यांच्या व मोहोरांच्या आडपडद्याने लिहिलेले होते. ज्यांची मुले त्या रणात पडली, त्या घरांना ती बातमी कशी व केव्हा कळली असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

मग छापखाना आला. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केले. ह्या नव्या वस्तूस मराठीने जे नाव दिले तेही मोठे मार्मिक आहे. 'वर्तमान' हा शब्द आपल्या पत्रव्यवहारात पूर्वीपासून होता. 'इकडील वर्तमान' असे म्हणून लोक क्षेमसमाचार कळवीत. तेव्हा 'वर्तमानपत्र' म्हणजे नवे काही यंत्र नव्हे, तर आपल्याला आलेले एक पत्रच. फरक इतकाच की, ते एकाच्या नावे नसून सर्वांच्या नावे आहे. पत्र फोडण्याचा अधिकार ज्याच्या हाती ते पडेल त्या प्रत्येकाला आहे, ही केवढी क्रांती त्या साध्या शब्दात भरलेली आहे!

ह्या क्रांतीशी आमच्या मुलखाचा संबंध जवळचा आहे. 1841 साली 'प्रभाकर' हे साप्ताहिक काढणारे भाऊ महाजन, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे, हे पेणचे. 1848 ते 1850 ह्या काळात लोकहितवादींची शतपत्रे ह्याच 'प्रभाकरा'त प्रसिद्ध झाली. गोपाळ हरि देशमुख हे सरकारी नोकरीतले गृहस्थ. त्यांनी आपले नाव झाकून लिहिले, आणि पेणच्या ह्या संपादकाने ते छापले. येथे थोडे थांबण्यासारखे आहे. नाव झाकून बातमी देणारा पूर्वीही होता. तो लोकांची गुपिते धन्याच्या कानी घालीत असे. येथेही नाव झाकलेले आहे. परंतु जे लिहिले आहे ते उघड, चारचौघांसमोर, ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनाही वाचता येईल अशा ठिकाणी. गुप्तता नावापुरती राहिली आणि मजकूर उघडा झाला. हेराच्या बाबतीत धन्याला नाव ठाऊक असते व मजकूर जगापासून लपलेला असतो. दोहोंतील भेद एवढाच आहे; पण तो एवढा आहे की, एकास आपण चहाडी म्हणतो आणि दुसऱ्यास लोकशिक्षण.

पुढे वर्तमानपत्रे वाढली. 1849 त पुण्यास 'ज्ञानप्रकाश', 1877 त 'दीनबंधू', 1881 त 'केसरी', 1888 त 'सुधारक', 1920 त 'मूकनायक'. पत्र चालविणाऱ्यास लोक आरंभी 'पत्रकर्ता' म्हणत. शिवरामपंत परांजपे हे 'काळकर्ते' झाले ते ह्याच चालीने, आणि बाळशास्त्र्यांस आपण 'दर्पणकार' म्हणतो ते तिच्याच धाकट्या भावंडाने. ह्या नामावळीत प्रतिष्ठा आहे. ग्रंथकाराच्या शेजारी बसण्याची आकांक्षा आहे. परंतु जो मनुष्य उन्हातान्हात हिंडून वृत्त गोळा करणार, त्यास काय म्हणावयाचे? त्यासाठी नवा शब्द न घडविता मराठीने जुनाच 'बातमीदार' उचलला. 'आमच्या बातमीदाराकडून' ही ओळ वृत्ताच्या माथ्यावर झळकू लागली. ज्या शब्दाने राजवाड्याच्या मागच्या दाराने ये-जा केली होती, तो आता पुढच्या दाराने चावडीवर आला.

संस्कृताभिमानी लोकांनी त्याच्या जोडीस 'वार्ताहर' आणला. 'हर' म्हणजे वाहून नेणारा. पण हरण करणाराही तोच. वार्ता पोचविणारा की वार्ता पळविणारा, हे समासावरून कळत नाही, मनुष्यावरूनच कळते! विनोद बाजूला ठेवला तरी मला 'बातमीदार'च अधिक आवडतो, कारण त्याच्या अंगावर अनुभवाचे वण आहेत.

हे वण केवळ मराठीतच आहेत असेही नाही. इंग्रजीत 'इंटेलिजन्सर' हा शब्द एलिझाबेथ राणीच्या काळी हेरासाठी चाले, आणि पुढे तोच वर्तमानपत्राचे नाव होऊन बसला. 1663 साली लंडनला त्या नावाचे पत्र निघाले. ते काढणारा रॉजर लेस्ट्रेंज हा मोठा चमत्कारिक मनुष्य होता. कारण छापखान्यांवर पाळत ठेवण्याचे सरकारी कामही त्याच्याकडेच होते. म्हणजे लोकांस बातमी देणारा आणि लोकांनी काय छापावे ह्याची बातमी सरकारास देणारा, हे दोघे एकाच अंगरख्यात नांदत होते. तेव्हा ह्या दोन भूमिकांची गल्लत करणारा आमचा खेडूत अडाणी ठरत नाही. ती गल्लत ह्या धंद्याच्या जन्मापासूनची आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. रोह्याहून कोलाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर धाटाव हे गाव आहे. शेजारून कुंडलिका वाहते. मुळशीच्या धरणाचे पाणी डोंगराखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरते आणि तेथून ते ह्या नदीस मिळते. ज्या मुळशीसाठी 1921 ते 1924 पर्यंत सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तिचेच हे पाणी. भाताची शेती, मागे हिरवे डोंगर आणि मध्ये औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांची धुरांडी, असे गावाचे आजचे रूप आहे. कारखान्यांनी येथील पुष्कळ घरांस पगार दिला, मुलांस शिक्षण दिले, पक्की घरे दिली. हे न सांगणे कृतघ्नपणाचे होईल. कधीकधी रात्री वाऱ्याबरोबर एक तिखट वासही येतो. आणि तो न सांगणे खोटेपणाचे होईल. वीस वर्षे ह्या भागात राहून मी दोन्ही गोष्टी अनुभवल्या आहेत.

माझा एक जुना विद्यार्थी ह्या गावचा. बी. ए. झाल्यावर तो एका लहानशा वृत्तपत्रास बातम्या पाठवू लागला. प्रथम हरिनाम सप्ताह, क्रिकेटचे सामने, शाळेचे स्नेहसंमेलन अशा बातम्या असत, आणि गावात त्याचे कौतुक होई. ज्याचे नाव छापून येई तो कात्रण जपून ठेवी. पुढे एका पावसाळ्यात त्याने लिहिले की, अमुक ओढ्याच्या पाण्याचा रंग दोन दिवस पालटलेला होता, आणि त्या पाण्यावर गुरे गेली नाहीत. कारखान्याचे नाव त्याने लिहिले नव्हते. त्यानंतर आठ दिवसांनी त्याचे वडील माझ्याकडे आले. ते एका कारखान्यात कंत्राटी कामावर होते. बराच वेळ ते पावसाविषयी बोलले. मग म्हणाले, "सर, तुम्ही पोराला समजवा. गावात त्याला बातमीदार म्हणतात."

मी सहज म्हणालो, "म्हणजे तो आहेच की."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि त्यांना तो शब्द कसा लागला होता ते माझ्या ध्यानात आले. त्यांच्या तोंडी ती पदवी नव्हती. कारखान्याच्या फाटकावर त्यांना कोणी विचारले होते, "तुमचा मुलगा कोणाचा बातमीदार?" गावातही दोन तर्क चालले होते. काहींचे म्हणणे, एका कारखान्याने दुसऱ्यास बदनाम करण्यासाठी त्याला हाताशी धरले आहे. काहींचे म्हणणे, निवडणूक जवळ आली आहे, तेव्हा अमक्या पुढाऱ्याचा तो माणूस असणार. तिसरा तर्क कोणीच केला नव्हता: तो गावाचा बातमीदार असेल, हा.

मी त्या गृहस्थांस नाकारले नाही, तसा शब्दही दिला नाही. मुलाशी बोलेन, एवढे म्हणालो. बोललोही. समजावावयास गेलो तो समजून घेऊन आलो. तो म्हणाला, "सर, मला महिन्याला ठराविक पगार नाही. दिवाळीत जाहिराती आणल्या, तर त्यांच्यावर काही टक्के मिळतात. आणि इथे जाहिराती देणारे कोण, ते तुम्हाला माहीत आहे." ह्या एका वाक्यात मला पुष्कळ अर्थशास्त्र शिकावयास मिळाले. ग्रामीण भागातील कित्येक वार्ताहरांची स्थिती हीच आहे. ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांच्याच दारी वर्षातून एकदा पावतीपुस्तक घेऊन उभे राहावयाचे. मग 'कोणाचा बातमीदार?' हा गावाचा प्रश्न कुत्सित असला तरी निराधार म्हणता येत नाही. किल्लेदाराची तनखा धनी देत असे, म्हणून किल्लेदार धन्याचा. ह्या मुलाची तनखा कोण देतो? वाचक देत नाहीत; वर्तमानपत्राच्या अंकास आपण जी किंमत देतो ती एका कप चहाच्याही खालची असते. आपण बातमीदारास पोसत नाही आणि तो आपला नाही म्हणून तक्रार करतो!

गावाच्या संशयास दुसरेही एक कारण आहे, आणि ते भाषेतच आहे. शहरातल्या वर्तमानपत्राने शब्दाचे तोंड फिरविले. पोलीस ठाण्याने ते फिरविले नाही. आजही ठाण्याच्या कागदांत 'गुप्त बातमीदारामार्फत खात्रीलायक बातमी मिळाली' असे वाक्य नित्य येते. तेथे हा शब्द बहिरजींच्या काळातल्याप्रमाणेच चालतो. वर्तमानपत्राच्या एकाच पानावर वरच्या बाजूस 'आमच्या बातमीदाराकडून' आणि खाली चोरी पकडल्याच्या वृत्तात 'बातमीदारामार्फत' असे दोन बातमीदार एकमेकांकडे पाठ करून उभे असलेले मी कित्येकदा पाहिले आहेत. ज्या गावात वर्तमानपत्रापेक्षा ठाण्याशी संबंध अधिक जुना आहे, तेथे कोणता अर्थ प्रबळ असावयाचा?

आणि गंमत अशी की, कायदाही ह्या दोघांत जुन्याचाच अधिक पाठीराखा आहे. 1872 च्या पुरावा कायद्याच्या 125 व्या कलमाने पोलीस अधिकाऱ्यास गुन्ह्याची खबर कोणाकडून मिळाली हे सांगण्याची सक्ती करता येत नसे. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी ती तरतूद कायम राहिली आहे. वर्तमानपत्रास बातमी देणाऱ्यास मात्र असे सर्वसाधारण कवच नाही. 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्यात बातमीचे मूळ उघड करण्याची सक्ती होणार नाही असे म्हटले आहे, पण ते त्या कौन्सिलपुढील कामकाजापुरतेच. वर जाणाऱ्या बातमीचा उगम झाकण्याची दीडशे वर्षे चोख व्यवस्था आहे. लोकांकडे येणाऱ्या बातमीचा उगम उघड्यावर आहे.

हे केवळ शब्दांचे खेळ नव्हेत. राजापूर येथे 6 फेब्रुवारी 2023 रोजी शशिकांत वारिशे ह्या बातमीदाराच्या दुचाकीस एका मोटारीने धडक दिली, आणि दुसऱ्या दिवशी ते मरण पावले. त्या भागातील नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादासंबंधी त्यांनी लिहिलेली बातमी त्याच दिवशी प्रसिद्ध झाली होती. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदविला. महाराष्ट्र विधिमंडळाने पत्रकारांवरील हल्ल्यांस प्रतिबंध करणारा कायदा 2017 सालीच संमत केला होता. तेव्हा धाटावच्या त्या बापाच्या पोटात कालवाकालव झाली, ह्यात त्याचा भित्रेपणा पाहणे सोपे आहे. ज्याचा मुलगा रात्री दुचाकीवरून एकटा घरी येतो, त्याला ते तितके सोपे वाटत नाही.

मग ह्यावर उपाय काय? कायदा, वेतन, संघटना हे उपाय आहेतच. ते सांगण्याचा अधिकार माझ्यापेक्षा त्या क्षेत्रातील लोकांचा. मी भाषेचा मास्तर. मला एक लहानसा उपाय सुचतो, तो शब्दाच्या षष्ठी विभक्तीत आहे. 'कोणाचा?' ह्या प्रश्नास उत्तर देण्याची जबाबदारी एकट्या बातमीदाराची नाही. आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. अलिबागजवळच्या चरी गावी 1933 पासून 1939 पर्यंत कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पडीक ठेवल्या, हाल सोसले. त्या लढ्याचे पुढारी नारायण नागू पाटील ह्यांनी 1937 साली 'कृषीवल' हे पत्र काढले. त्यात लिहिणारा कोणाचा बातमीदार, असा प्रश्न चरीच्या कुळांना पडला नसावा. कारण त्यांचे दुःख तेथे त्यांच्याच बाजूने छापून येत होते. ज्या गावाने एखाद्या पत्रास आपले म्हटले, तेथे बातमीदारही गावाचा झाला. ज्या गावाने तसे म्हटले नाही, तेथे उत्तम मनुष्यही कोणाचा तरी हस्तक ठरला.

म्हणून त्या मुलाच्या वडिलांस मी नंतर भेटलो, तेव्हा मुलाची बाजू मांडली नाही. एवढेच विचारले की, ओढ्याच्या पाण्याचा रंग पालटला होता, हे खरे की खोटे? ते म्हणाले, "खरं आहे. मीच त्याला दाखवलं." मी म्हणालो, "मग तुम्हाला कोणी पुन्हा विचारले, तर सांगा की तो माझा बातमीदार आहे." ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "असं सांगितलं तर काम जाईल, सर," एवढेच म्हणाले. ह्यावर मजजवळ उत्तर नव्हते. ज्याची नोकरी सुरक्षित आहे, त्याने दुसऱ्यास धैर्य शिकवू नये, एवढे तारतम्य वयाने मला दिले आहे.

मुलगा अजून लिहितो. सप्ताहाच्या बातम्या अधिक लिहितो, ओढ्याच्या कमी. पण ओढ्याच्या लिहितो. 'बातमीदार' ह्या शब्दाचे तोंड गावाकडे पुरते वळावयास किती काळ लागेल, हे कोशकारांच्या हाती नाही. ते धाटावसारख्या गावांतून, अशा चार-दोन लहान बातम्यांच्या जोरावर, हळूहळू ठरावयाचे आहे. तोवर आपण वाचकांनी एक करावे. एखाद्या खेड्यातून आलेली चार ओळींची बातमी सकाळी चहाबरोबर वाचून बाजूला टाकण्यापूर्वी, ती लिहिणाऱ्यास त्या गावात आज कोणत्या नावाने हाक मारली गेली असेल, ह्याचा क्षणभर विचार करावा. आणि जमल्यास त्या पत्राची वर्गणी भरावी.